वाट मोडते कशी, वाट वाहून जाते कशी

घाटमाथ्यावरच्या एखाद्या गावात जुन्या नाळेची, म्हणजे डोंगराच्या घळीतून कोकणात उतरणाऱ्या अरुंद वाटेची, चौकशी केली की पारावरचं कुणीतरी हमखास सांगतं, "ती वाट मोडली आता." दरड कोसळून वाट तुटली, असं त्यांना म्हणायचं नसतं. माणसांचं, गुरांचं जाणं-येणं थांबलं, कारवी माजली, पाचोळ्याखाली दगड बुजले आणि काही पावसाळ्यांत वाट डोंगरात विरून गेली. उलट 'मळलेली वाट' म्हणजे इतक्या पावलांनी तुडवलेली, की अंधारातही ती पायाला सापडते.

वाटेची एक तिसरी गतही असते आणि सह्याद्रीत ती आता जागोजागी दिसते. शनिवार-रविवारी शेकडो माणसं एकाच वाटेने चढतात. वाट आधी रुंद होते, मग खोल होते आणि एखाद्या जोरदार पावसात तिची माती खालच्या ओढ्याला मिळते. ही वाट मोडत नाही, वाहून जाते.

इको-टुरिझम, शाश्वत पर्यटन, जबाबदार पर्यटन हे शब्द आपण सारखे वाचतो. जाहिरातींत त्यांचा अर्थ बहुतेकदा बांबूची खोली आणि कुल्हडातला चहा एवढाच उरतो. जुन्या पायी वाटांपुरता मात्र त्याचा अर्थ साधा आहे आणि बराचसा मोजताही येतो. वाट मोडू नये आणि वाहूनही जाऊ नये, इतकीच पावलं तिच्यावर पडावीत; आणि ती ज्यांच्या दारावरून जाते, त्यांना ती जपावीशी वाटावी. हे जमवायला काय काय लागतं, ते आपल्याच दोन वाटांच्या आधाराने बघू: नाणेघाट, आणि पन्हाळा ते पावनखिंड.

वाट कुणाची होती?

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे निघालं की टोकावडे, वैशाखरे या भागात उजव्या हाताला डोंगररांगेत एक सुळकेवजा टोक दिसायला लागतं. तो नानाचा अंगठा. त्याच्या कुशीतून वर चढते ती नाणेघाटाची वाट. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. वर, खिंडीच्या तोंडाशी, कातळात खोदलेलं लेणं आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत नागनिका राणीचा लेख कोरलेला आहे. केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण (तेव्हाची नाणी) यांची मोजदाद त्यात आहे. भारतात अंक कसे लिहीत, याचे फार जुने पुरावे शोधताना अभ्यासकांना याच भिंतीपाशी यावं लागतं. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी उरली आहेत.

लेण्याजवळ एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, म्हणून हा नाणेघाट, असं परंपरा सांगते. जकातीचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे. वाटेवर दगडी पायऱ्या होत्या, कातळात खोदलेली पाण्याची टाकी होती, जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी या किल्ल्यांची आसपास राखण होती. हे सगळं चालू राहायचं, कारण वाट चालू राहण्यावर कुणाचं तरी उत्पन्न अवलंबून होतं. वाट बंद पडली, की जकात बंद.

मग इंग्रजी अमलात बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८३० मध्ये. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर आली आणि १८६५ मध्ये थळघाटातून. माल रुळांवर गेला. घाटवाटांवर उरले आसपासच्या गावांचे लोक: बाजाराला जाणारे, सोयरिकीला जाणारे, कोकणातून वर गुरं नेणारे, डोक्यावर भाताची पाटी घेऊन चढणाऱ्या बाया. पुढे एसटी आली, मग मोटारसायकल आली, आणि यांनीही वाट सोडली. सह्याद्रीतल्या कित्येक नाळा अशाच मोडल्या.

नाणेघाटाची आजची अवस्था म्हणूनच मला फार बोलकी वाटते. जुन्नरकडून घाटघरमार्गे गाडी थेट खिंडीपर्यंत जाते. पावसाळ्यात वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा बघायला तिथे गाड्यांची रांग लागते, मक्याच्या कणसांच्या टोपल्या मांडल्या जातात, गाड्यांतली गाणी मोठ्याने चालू असतात. त्या गर्दीतल्या बहुतेकांचं पाऊल मूळ वाटेवर एकदाही पडत नाही. दोन हजार वर्षं ज्या वाटेने माणसं चढली, तिचं डोकं गर्दीने दबलंय आणि अंग आठवड्याचे पाच दिवस रिकामं आहे. पर्यटन वाढलं म्हणजे वाट वाचली, असं होत नाही. कुठे, केव्हा आणि कसं वाढलं, हे पाहावं लागतं.

पाऊल पडतं तेव्हा जमिनीत काय होतं?

निरोगी मातीत जवळपास निम्मी जागा पोकळ असते. त्या पोकळीत हवा आणि पाणी असतं, मुळं त्यातून वाट काढतात, गांडुळं फिरतात. पावलाचा दाब पडला की ही पोकळी चेपली जाते. एकदा चालून काही बिघडत नाही. शंभर जण चालले की वरचं गवत मोडतं, माती घट्ट होते आणि पावसाचं पाणी आत मुरायचं थांबतं. मुरलं नाही, की ते वाहतं. आणि वाहायला त्याला तयार नाली मिळालेली असते, ती म्हणजे आपली वाट. महाबळेश्वर-आंबोलीसारख्या ठिकाणी चार महिन्यांत पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढं पाणी उतारावरच्या नालीत शिरलं तर ते काय करील, हे वेगळं सांगायला नको.

पुढचा भाग माणसांच्या स्वभावाचा. वाटेत चिखल झाला की आपण बूट वाचवायला कडेने जातो. कडेचं गवत मरतं, तिथेही चिखल होतो, मागून येणारा आणखी बाहेरून जातो. पाहता पाहता दीड फुटाची वाट दहा-बारा फुटांची होते. वळणावर कुणीतरी सरळ खाली उतरायचा शॉर्टकट काढतो. सरळ उतारावर पाण्याचा वेग वाढतो आणि त्या शॉर्टकटचा दोन पावसाळ्यांत ओहोळ होतो.

चालणाऱ्यांच्या पायांचा निसर्गावर होणारा परिणाम हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. त्यातला एक निष्कर्ष चटकन पटणारा नाही, पण जगभर पुन्हा पुन्हा दिसला आहे. नुकसान माणसांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. कोऱ्या जमिनीवर सुरुवातीला पडणाऱ्या थोड्या पावलांनीच बहुतांश नुकसान होतं, नंतर वाढ मंदावते. म्हणजे मळलेल्या वाटेवर शंभराच्या जागी दोनशे जण चालले, तर हानी दुप्पट होत नाही. पण त्यातले वीस जण जरी बाजूच्या कोऱ्या गवतातून गेले, तरी नवी जखम होते.

यातून चालणाऱ्यासाठी सरळ नियम निघतो. मळलेली वाट असेल तर चिखल असला तरी तिच्या मधोमध चाला, एकामागे एक. वाटच नसलेल्या ठिकाणी जावं लागलं तर उलट करा: पांगून चाला आणि पाय शक्यतो उघड्या कातळावर, दगडावर ठेवा. रांगेतल्या मुलांना "चिखलातूनच चला रे" म्हणणारा म्होरक्या मला फार आवडतो. बूट धुता येतात.

जुन्या लोकांनी वाटा कशा काढल्या, हे निरखलं तर हेच शहाणपण दगडात दिसतं. चांगली घाटवाट सरळ चढत नाही, नागमोडी जाते. आजचे वाटा बांधणारे एक ठोकताळा वापरतात: वाटेचा चढ हा ज्या डोंगरउतारावरून ती जाते, त्याच्या निम्म्याहून कमी असावा. तसं असेल तर पाणी वाटेला आडवं ओलांडून खाली जातं, वाटेतून धावत नाही. शिवाय वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली ठेवतात आणि अधूनमधून तिरपे आडवे दगड बसवतात. त्यांना अडून पाणी कडेला पडतं. हे दगड हलले आणि कुणी परत बसवले नाहीत, तर वाट मरायला लागते. सगळं प्रकरण खरं तर पाण्याचं आहे. आपण फक्त त्याला वाट करून देतो.

पावनखिंडीची वाट

१६६० च्या जुलैतली ती रात्र प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. सिद्दी जौहरचा वेढा, पन्हाळ्यावरून निसटलेले शिवाजी महाराज, शिवा काशीदांचं बलिदान, बांदल सेना आणि घोडखिंड अडवून उभे राहिलेले बाजीप्रभू. घोडखिंडीची पावनखिंड झाली. पन्हाळ्याहून मसाई पठार ओलांडून, वाड्या-वस्त्यांतून, पांढरेपाणी गाव करत खिंडीपर्यंत जाणारी ही वाट आज दर पावसाळ्यात हजारो लोक चालतात. साधारण पन्नास किलोमीटरच्या आसपासचं हे चालणं बहुतेक गट दोन दिवसांत करतात. तिथल्या पावसात, रात्रीच्या मुक्कामी ओल्या कपड्यांत बसून पोवाडा ऐकणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यावर जे असतं, ते मला कुठल्याही पर्यटनस्थळी दिसलेलं नाही. ही वाट म्हणजे आपला जिवंत वारसा आहे, आणि म्हणूनच तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं.

पहिली गोष्ट वेळेची. इतिहासाची तिथी जुलैतली, म्हणून सगळी गर्दी जुलैतल्या काही दिवसांत. नेमकी तीच भातलावणीची वेळ. वाटेवरच्या गावांत सगळं घर सकाळपासून चिखलात उभं असतं. मी एकदा मोठ्या गटाबरोबर होतो. पुढे ओढ्याला पाणी होतं, म्हणून आयोजकांनी रांग खाचरांच्या बांधांवरून वळवली. बांध मातीचा, वीतभर रुंदीचा, पावसाने फुगलेला. साठ-सत्तर जण त्यावरून गेले आणि तो दोन जागी खचला. खाचरातलं पाणी खालच्या खाचरात जायला लागलं. नुकती लावलेली रोपं उघडी पडली. शेतातल्या मावशी काही बोलल्या नाहीत, फावडं घेऊन आल्या आणि माती ओढायला लागल्या. आमच्यातले दोघं-तिघं थांबून मदतीला लागले, बाकीची रांग "जय भवानी, जय शिवाजी" म्हणत पुढे गेली. त्या मावशींच्या घरातही महाराजांचा फोटो असणार. त्या दिवसापासून मी ही वाट डिसेंबरात चालतो. जुलैतली तिथी पाळायचीच असेल तर गट लहान ठेवावा, आणि खाचरं कुठून टाळायची हे गावात आधी विचारून घ्यावं.

दुसरी गोष्ट मसाई पठाराची. खालून दमून वर आलेल्याला ते नुसतं मोकळं माळरान वाटतं. ते 'सडा' आहे: जांभ्या दगडाचा सपाट माथा, वर बोटभर माती, तीही जागोजागी नाही. झाड उभं राहील एवढी मातीच नसल्याने इथे वेगळीच सृष्टी तयार झाली आहे. पावसाळ्यात उथळ खळग्यांत पाणी साचतं आणि काही आठवडेच टिकतं. त्या मुदतीत उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हायचं असतं. गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू या अशा वनस्पती. मातीत पोषण इतकं कमी, की दवबिंदू आपल्या चिकट केसांनी किडे पकडते आणि सीतेची आसवं ओल्या मातीतल्या सूक्ष्म जिवांवर गुजराण करते. यांतल्या काही जाती पश्चिम घाटाबाहेर कुठेच सापडत नाहीत. सुट्या पडलेल्या दगडांखाली पाली, विंचू, साप, बेडूक आसरा घेतात. म्हणून सड्यावर दगड उचलून त्यांची लगोर रचणं हा निरुपद्रवी खेळ नसतो. प्रत्येक दगड कुणाचं तरी छप्पर असतो. आणि सड्यावरून गाडी नेणं म्हणजे शेकडो वर्षांत जमलेली बोटभर माती एका फेरीत उकरणं.

खिंडीत उतरायला आता पायऱ्या आहेत, कठडे आहेत. पन्हाळा २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे. त्यामुळे इकडची गर्दी वाढणार, हे उघड आहे. किल्ल्याला मान मिळाला, पण ज्या वाटेमुळे त्या किल्ल्याची सर्वांत मोठी कथा घडली, ती वाट खाचरांतून, खाजगी शिवारांतून आणि जंगलातून जाते. तिची काळजी कुणी एकाने घ्यावी, अशी तिची मालकीच नाही.

किती माणसं म्हणजे जास्त?

पर्यटनात 'धारणक्षमता' हा शब्द सतत येतो. मूळ कल्पना कुरणाची आहे: एका कुरणावर किती गुरं चरली तर गवत पुन्हा उगवेल? वाटेला हेच लावलं तर आकडा कसा काढायचा, ते एका मनाने घेतलेल्या उदाहरणातून बघू.

समजा घाटवाट ४ किलोमीटरची आहे. गट २० जणांचा, रांगेत प्रत्येकाला २ मीटर, म्हणजे गट ४० मीटर लांब. दोन गटांत २०० मीटर अंतर हवं, नाहीतर शांतता राहत नाही. म्हणजे एका गटाला २४० मीटर. ४ किलोमीटरमध्ये असे १६ गट मावतात, ३२० माणसं. चढायला ३ तास लागतात आणि दिवसाचे ९ तास वापरता येतात, म्हणजे तीन फेऱ्या. झाले ९६०. हा नुसता जागेचा हिशेब.

आता वाटेत एक कातळटप्पा आहे. तिथे एका वेळी एकच जण चढू शकतो आणि प्रत्येकाला एक मिनिट लागतं. तासाला ६०, नऊ तासांत ५४०. आकडा इथेच जवळपास निम्म्यावर आला. पुढे, वरच्या गावात वाट दाखवू शकतील असे सहा जण आहेत आणि एकाने पंधरांहून जास्त माणसं सांभाळू नयेत. ६ गुणिले १५, म्हणजे ९०. त्यात गावात संडास दोनच असतील तर आणखी कमी.

९६० पासून ९० पर्यंत आपण आलो, ते यामुळे की वाटेची क्षमता तिच्या सर्वांत अरुंद जागेवर आणि तिची देखभाल करणाऱ्या हातांवर ठरते. अरुंद जागा दगडाची असेल, संडासाची असेल किंवा वाटाड्यांची. वाटाडे वाढवले, संडास बांधले, तर आकडा वाढवता येतो. कातळटप्पा मात्र तेवढाच राहतो.

पेरूमध्ये माचू पिचूकडे जाणारी इंका लोकांची जुनी पायवाट आहे. तिथे दिवसाला ५०० माणसांनाच सोडतात, आणि त्या ५०० मध्ये हमाल, स्वयंपाकी, वाटाडे सगळे धरतात. म्हणजे प्रत्यक्ष पाहुणे निम्म्याहूनही कमी. शिवाय दर फेब्रुवारीत, ऐन पावसाच्या महिन्यात, वाट पूर्ण बंद ठेवून दुरुस्त करतात. वाटेला वर्षातून एकदा विश्रांती देणं ही कल्पना मला फार भावते. आपल्याकडे पोळ्याला बैलाला देतो तशी.

आकडा बांधून प्रश्न संपतो असं मात्र नाही. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३ हजार माणसांची मर्यादा आली, ऑनलाइन नोंदणी आली, आसपासच्या गावांची समिती व्यवस्था बघू लागली. हे चांगलंच झालं. पण पठाराला कुंपणही पडलं होतं आणि त्यामुळे गुरं आत जायची थांबली. उंच गवत माजून फुलं दबतात, ही तक्रार पुढे आली आणि ते कुंपण नंतर काढलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या चरणारी गुरं हा त्या फुलांच्या सृष्टीचाच भाग होता. म्हणूनच अमेरिकेत वनखात्यातल्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात प्रश्नच फिरवून विचारला: किती माणसं, हे सोडा, इथे किती बदल आपल्याला चालेल? वाट किती रुंद झाली तर चालेल, पाण्यात किती घाण चालेल, हे आधी ठरवायचं आणि दरवर्षी टेप घेऊन मोजायचं. मर्यादा ओलांडली की काहीतरी बदलायचं. गावातल्या शाळेची मुलं हे मोजू शकतात. वाटेवर दहा जागा ठरवा, दर दिवाळीत रुंदी आणि खोली मोजून वहीत लिहा. एवढ्याने खूप कळतं.

शिस्तीने चालणं आपल्याला शिकवायला लागतं, असंही मला वाटत नाही. आळंदीहून पंढरपूरला लाखो माणसं पायी जातात. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, रथाच्या पुढे की मागे हे ठरलेलं असतं, मुक्काम ठरलेले असतात, दिंडीचा स्वयंपाक आणि पाण्याचा टँकर तिच्याबरोबर असतो. अलीकडे फिरते संडासही मुक्कामी उभे राहतात. वारीला ही समज आहे, की आपण ज्या गावात उतरतो तिथे आपला भार पडतो.

संडासाबद्दल संकोच न करता बोलायला हवं, कारण घाटवाटांवर त्याचंही प्रदूषण होतं आणि जास्त कुचंबणा बायकांची होते. गावात कुणाच्या घरचा संडास वापरला तर पैसे देऊन वापरावा. रानात जावं लागलं तर पाण्यापासून किमान साठ-सत्तर मीटर लांब, वीतभर खोल खड्डा करून, नंतर माती लोटून. कागद, पॅड पिशवीत बांधून परत न्यायचे. सड्यावर खड्डा करताच येत नाही, म्हणून सडा लागायच्या आधीच थांबायचं. आणि गडावरच्या टाक्यात साबण लावून हातपाय धुऊ नयेत. वर राहणारं किंवा मागून येणारं कुणीतरी तेच पाणी पिणार असतं.

पैसा कुठे थांबतो?

समजा शहरातून निघालेल्या गटाने माणशी १५०० रुपये घेतले. बस, डिझेल, आयोजकांचा खर्च, टी-शर्ट, इंटरनेटवरची जाहिरात यात बहुतेक पैसे संपतात. गावात उरतात दीडशे रुपये: पिठलं-भाकरीचे. अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात. ज्या गावच्या वाटेवर, पाण्यावर, बांधांवर भार पडला, त्याच्या हाती दहावा हिस्सा. मग गावाने वाट का जपावी? नाणेघाटातल्या रांजणाची आठवण ठेवून हा प्रश्न विचारायला हवा.

उपाय साधे आहेत, फक्त आधीपासून करावे लागतात. गावातला वाटाड्या घ्या, तुमच्या फोनमध्ये वाटेचा नकाशा असला तरी. जेवण, मुक्काम घरात घ्या आणि भाव करू नका. नाचणीची भाकरी, कुरडूची भाजी, हातसडीचे तांदूळ मिळत असतील तर बरोबर विकत न्या. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीसारख्या गावांनी पाहुण्यांची पाळी लावून घरोघर जेवण वाटून देण्याची पद्धत बसवली आहे. त्याने पैसा एकाच घरात साठत नाही. त्याच भागात मे-जूनमध्ये काजवे बघायला गाड्या येतात. काजवे उजेडाच्या भाषेतच जोडीदार शोधतात. हेडलाइट आणि बॅटऱ्यांच्या झोतात त्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. गावाच्या नियमाने गाड्या लांब उभ्या राहिल्या आणि लोक अंधारात पायी गेले, की काजवेही टिकतात आणि पाहुणाही खरा काळोख बघतो.

आपल्याकडे 'वाटेचा विकास' म्हटलं की सिमेंट येतं. सह्याद्रीत सिमेंटच्या पायऱ्यांखालून पाणी शिरतं, माती निघून जाते, वर पोकळ पापुद्रा उरतो आणि एक दिवस तो तुटतो. तुटलेला तुकडा गावाला दुरुस्त करता येत नाही, निविदेची वाट बघावी लागते. मातीत कोरडे रचलेले दगड पाण्याला मधून जाऊ देतात. एखादा हलला तर दोन माणसं पहारीने परत बसवतात. जपानमध्ये कुमानो कोदो ही तीर्थयात्रेची जुनी पायवाट आहे, २००४ पासून जागतिक वारसा. तिथे चालायला येणाऱ्या शाळा-कंपन्यांच्या गटांना मातीच्या पिशव्या देतात. पिशव्या खांद्यावरून वर न्यायच्या, झिजलेल्या जागी ओतायच्या आणि धुमसून घट्ट करायच्या. वाट बघायला येणाराच वाट बांधून जातो. आपल्याकडे गडांवर श्रमदान करणाऱ्या संस्था टाकी साफ करतात, तटावरची झाडं काढतात. त्यांतल्या काहींनी वर्षातला एक रविवार गडाऐवजी गडाच्या वाटेला द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या मार्गशीर्षात मी घाटमाथ्यावरच्या एका छोट्या वाडीतून खाली कोकणात उतरत होतो. बरोबर वाडीतले एक मामा होते, साठीच्या पुढचे. हातात कोयता. चालता चालता ते वाटेत वाकलेली कारवी छाटत होते, न थांबता, सवयीने. एका वळणावर वाट गुडघाभर खोल गेली होती. मामा थांबले, वरच्या अंगाला गेले, तिथला एक पसरट दगड हलवून बघितला. "हा पूर्वी आडवा होता," म्हणाले. "कुणीतरी बसायला ओढलाय." आम्ही दोघांनी मिळून तो वाटेत तिरपा बसवला, खाली बारीक दगड ठासले, कडेला पाणी पडायला हातभर चर काढला. अर्धा तास गेला. मी पैसे द्यायला लागलो, तेव्हा ठरलेले वाटाड्याचे त्यांनी घेतले, दगडाचे घेतले नाहीत. पाणी तिथून बाहेर पडतंय की दगडाखालून निघून जातंय, हे बघायला भाद्रपदात परत यायचं आमचं ठरलं आहे.